बुधाचं अधिक्रमण मोबाइलवर टिपता येईल?

प्रश्न : २०३२ सालचं बुधाचं अधिक्रमण आपल्याकडे दिसेल का? माझ्याकडे ग्रहणाचा चष्मा आणि छोटी दुर्बीण आहे. मोबाइलवर फोटो येईल? – एक वाचक, सातारा

उत्तर : दिसेल, आणि अख्खं दिसेल! अधिक्रमण म्हणजे बुध सूर्याच्या तबकडीसमोरून सरकताना दिसणं. १३ नोव्हेंबरला दुपारी बारानंतर सुरू होऊन साडेचारच्या सुमारास संपेल. ९ मे २०१६ ला पुण्यातल्या गच्चीवरून आम्हाला ते सूर्य मावळेपर्यंतच पाहता आलं, म्हणून याची मी आतुरतेने वाट पाहतोय. नुसत्या चष्म्याने २०१२ सालच्या शुक्राच्या अधिक्रमणात शुक्र दिसला होता. बुध दिसणार नाही, त्याची तबकडी सूर्याच्या व्यासाच्या दीडशेव्या भागाहूनही लहान.

सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी घट्ट बसवा. नेत्रिकेशी (डोळा लावतो त्या भिंगाशी) कधीच नको, तिथे उष्णता एकवटून तो तडकतो आणि डोळा जातो. फाइंडरवरही (नेम धरायच्या छोट्या जोडदुर्बिणीवर) झाकण ठेवा, हे लोक हमखास विसरतात. मोबाइल अ‍ॅडॉप्टरने नेत्रिकेला लावा, सूर्याच्या कडेवर फोकस लॉक करा, एक्स्पोजर कमी करा. फोटोऐवजी छोटा व्हिडिओ घ्या. हवा थरथरत असली तरी त्यातून स्पष्ट फ्रेम निवडता येतात. मोठ्या सौरडागाभोवती करडी किनार असते, बुध मात्र काळाकुळकुळीत आणि नेमका गोल. सराव आतापासूनच सौरडागांवर सुरू करा.