मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर

प्रश्न : मी ५९ वर्षांचा असून घोडबंदर रस्त्यावर पातलीपाड्याला राहतो. वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होतो तेव्हा मर्सिडीज म्हटले की कारखान्याचे मालक मागे बसलेले आणि पुढे गणवेशातला ड्रायव्हर, असेच चित्र डोळ्यांसमोर येई. ऐरोलीत नोकरी करणारा माझा २९ वर्षांचा मुलगा आता त्याच कंपनीची लहान सेदान, ए-क्लास, घ्यायची म्हणतो. तरुणांच्या मागे लागून या कंपन्या स्वतःच्याच नावाची किंमत घालवत नाहीत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या मनातले चित्र जुने असले तरी खोटे नाही आणि भारतात तर ते कंपनीनेच जपले आहे. मागे बसणाऱ्याला पाय मोकळे सोडता यावेत म्हणून २०१७ पासून ई-क्लास ही मोठी सेदान आपल्याकडे लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, विकली जाते. पुढे २०२१ मध्ये त्याच दालनात ए-क्लास लिमोझीन आली (नावात लिमोझीन असली तरी लहान सेदानच), जी मालकाने स्वतः चालवावी अशीच बेतलेली आहे. यामागचा हिशेब सरळ आहे : तिशीत पहिली गाडी घेणारा गिऱ्हाईक पन्नाशीपर्यंत दोन-तीनदा परत येऊ शकतो, साठी उलटलेला मालक मात्र बहुधा आहे तीच गाडी पुरवतो.

लहान गाडी काढल्याने नाव जाते का, याचे उत्तर ती गाडी कशी बनवली आहे यावर ठरते. मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० हे मॉडेल आणले. लोक तिला कौतुकाने ‘बेबी बेंझ’ म्हणत, पण तिच्या मागच्या चाकांसाठी कंपनीने पाच दुव्यांचे नवे सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी रचना, तयार केले होते; तिचीच वारस पुढे सी-क्लास झाली. त्याच सुमारास अमेरिकेत कॅडिलॅकने सिमारॉन आणली. ती स्वस्तातल्या शेव्हरोले कॅव्हेलियरचीच बहीण आहे हे गिऱ्हाइकांना लगेच कळले आणि १९८८ मध्ये ती बंद करावी लागली. खुद्द मर्सिडीजलाही ठेच लागली होती. १९९७ मध्ये पहिली ए-क्लास स्वीडनमधल्या एका चाचणीत, रस्त्यात अचानक आडवे आलेले जनावर चुकवावे तसे वळण घेताना, उलटली. कंपनीने काही काळ विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारले आणि गाडी घसरू लागताच सावरणारी ईएसपी यंत्रणा त्या मॉडेलमध्ये सरसकट बसवली. चूक पदरमोड करून निस्तरली म्हणून नाव राहिले, असे माझे मत आहे.

आजचा तरुण गिऱ्हाईक दालनात येण्याआधीच सगळे वाचून आलेला असतो. ए-क्लासच्या ए २०० या पेट्रोल प्रकारातले १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन रेनॉ-निसानच्या भागीदारीत विकसित झाले आणि त्याच कुळातले इंजिन २०२० मध्ये आपल्याकडे रेनॉच्या डस्टर व निसानच्या किक्समध्येही मिळत होते, हे आपल्या चिरंजीवांना बहुधा ठाऊक असेल. भागीदारीतले इंजिन हा कमीपणा नव्हे. पण आपण जास्तीचे पैसे नेमके कशाचे मोजत आहोत, एवढे त्यांना जरूर विचारा.

तुर्भ्याच्या एका दालनात पाहिलेला प्रसंग येथे आठवतो. मुलगा स्टिअरिंगमागे बसून पडद्याला फोन जोडत होता आणि वडील सवयीने मागचे दार उघडून आत बसले. त्यांचे डोके छताला टेकायला आले, गुडघे पुढच्या सीटला लागले. दोन मिनिटांनी उतरून ते एवढेच म्हणाले, “हिला ड्रायव्हर ठेवायची सोय नाही रे.” विक्रेत्याच्या तासाभराच्या माहितीपेक्षा त्या एका वाक्यात त्या गाडीची ओळख अधिक होती.

प्रश्न : जॅग्वारच्या २०२४ मधल्या जाहिरातीत भडक कपड्यांतली माणसे होती, गाडी मात्र एकही नव्हती. मी २६ वर्षांची आहे. मला ती पाहून गाडी घ्यावीशी वाटली नाही. हे माझ्या पिढीसाठी होते का? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : पूर्णपणे नव्हे. नोव्हेंबर २०२४ मधल्या त्या जाहिरातीनंतर डिसेंबरमध्ये मायामीत टाइप ०० ही संकल्पना-गाडी दाखवली गेली. यापुढे फक्त विजेवरच्या आणि पूर्वीपेक्षा बऱ्याच महाग गाड्या थोड्या संख्येने विकायच्या, हा कंपनीचा बेत होता. म्हणजे शोध वयाने लहान गिऱ्हाइकापेक्षा खिशाने मोठ्या गिऱ्हाइकाचा अधिक होता. गर्दीत उतरण्याचा प्रयोग जॅग्वारने आधी करून पाहिला होता : २००१ ची एक्स-टाइप फोर्डच्या मोंडिओ या साध्या गाडीच्या पायावर उभी होती आणि तो दोष तिला कायम चिकटून राहिला. कंपनी २००८ पासून टाटांकडे असल्याने आपल्याकडे त्या जाहिरातीची चर्चा जरा घरच्यासारखी झाली, एवढेच.

तरीही आपली प्रतिक्रिया मला रास्त वाटते. अमेरिकेतल्या ओल्ड्समोबाइलने १९८८ मध्ये ‘ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबाइल नव्हे’ अशी जाहिरात केली. जे वडील ती गाडी घेत होते त्यांना आपण नकोसे झालो असे वाटले, मुलांनी फिरून पाहिले नाही आणि २००४ मध्ये तो ब्रँडच बंद झाला. नव्या पिढीला बोलावताना जुन्या मालकाला दारातून उठवणे कोणाच्याच फायद्याचे ठरत नाही. शिवाय दाखवायला गाडी तयार नसताना आमंत्रण देणे म्हणजे पंगत मांडून भात चुलीवर चढवण्यासारखे आहे.

प्रश्न : नव्या गाडीच्या पैशांत जुनी पण मोठी लक्झरी गाडी घ्यावी का? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : बरेच तरुण या मालकीत याच दाराने शिरतात आणि कंपन्यांनाही ते ठाऊक आहे, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज व ऑडी तिघीही तपासलेल्या जुन्या गाड्या स्वतःच्या योजनेखाली विकतात. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या नव्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रस्ता कर पडतो, तो पहिल्या मालकाने भरलेला असतो, हाही फायदाच. मात्र सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने मिळतात, अनेक गाड्यांत स्टेपनीऐवजी हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे महागडे रन-फ्लॅट टायर असतात आणि सोसायटीतल्या उंच गतिरोधकांवर पोट घासते ते वेगळेच. सर्व्हिसच्या नोंदी पाहा आणि पावसाळ्यात पाणी शिरले होते का हे स्वतः तपासा : सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि एरवी आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली, तर किंमत न विचारता परत फिरा.