९ वर्षांच्या लॅब्रेडॉर कुत्र्याचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) ५.८ आलंय, काहीच खात नाही. घरी काळजी कशी घ्यायची? (नाशिक)

तुमच्या प्रश्नात आकडे बरेच आहेत, पण मी अडकले ते या वाक्यापाशी: "दूधपोळी, पनीर, कलेजी सगळं करून झालं, भांड्यापाशी येतो, वास घेतो आणि तोंड फिरवतो. आई हाताने भरवते." आमची कुत्री चिंगी किडनीच्या याच आजाराने गेली. गावठी होती, इंदिरानगरला सोसायटीच्या पार्किंगमध्येच वाढलेली. त्या अनुभवावरून सांगते, घरच्यांच्या हातात जे काही आहे त्यातलं निम्म्याहून जास्त या एका वाक्यात आहे.

भांड्यापाशी येऊन मागे फिरणं म्हणजे नखरे नव्हेत, ती मळमळ आहे. भूक लागते म्हणून येतो, पण रक्तात युरिया साठलेला असल्यामुळे वास आला की त्याला उमळतं. ओठ चाटत बसतो का, लाळ गळते का, सकाळी गवत शोधतो का, तोंडाला लघवीसारखा उग्र वास येतो का, ते बघा. ओठ उचलून हिरड्या आणि जिभेच्या कडाही पाहा, तिथे फोड आले असतील तर चावताना दुखतं. हे सगळं डॉक्टरांना नेमकं सांगा आणि उलटी-मळमळीच्या औषधाबद्दल विचारा. मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन देतात, सोबत ॲसिडिटीचं काही. "उलटी होत नाही" असं आपण सांगितलं की हे औषध राहून जातं. उलटी न होताही मळमळ असते.

आणि आईंना सांगा, कोंबू नका. मळमळत असताना जो पदार्थ तोंडात गेला, त्याचीच कुत्र्याच्या मनात अढी बसते. नंतर बरं वाटलं तरी तो त्याला शिवत नाही. म्हणून किडनीचं महागडं खाणं अगदी वाईट दिवसांत पुढे ठेवू नये. आधी मळमळ आटोक्यात आणा, मग ते सुरू करा.

खाण्यात मुख्य शत्रू फॉस्फरस. दूध, पनीर, कलेजी, हाडं या सगळ्यांत तो भरपूर असतो, म्हणजे प्रेमाने जे जे दिलं जातं नेमकं तेच. रॉयल कॅनिन किंवा हिल्सचं किडनीसाठीचं खाणं मिळतं, ते खाल्लं तर उत्तम. घरचंच द्यायचं तर पोळीपेक्षा भात बरा. त्यात उकडलेल्या अंड्याचा फक्त पांढरा भाग, थोडं तूप, लाल भोपळा, चवीपुरता चिकनचा तुकडा. मीठ, कांदा, लसूण नको. कोमट करून द्या. हे महिनोन् महिने चालवायचं असेल तर त्यात काय कमी पडतंय ते डॉक्टरांकडून भरून घ्यावं लागतं. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी किंवा पावडर दिली असेल तर ती जेवणात मिसळूनच द्या. ती अन्नातला फॉस्फरस पोटातच अडवते, त्यामुळे उपाशीपोटी तिचा उपयोग नाही. पण काहीच न खाणं हे चुकीचं खाण्यापेक्षा वाईट, हेही लक्षात असू द्या. नातेवाइकांपैकी कुणीतरी गोखरूचा काढा सुचवेलच. बळेच काढा पाजला की उरलीसुरली भूकही जाते, एवढंच माझं त्यावर म्हणणं.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी पक्की करा: आजार जुना आहे की आत्ताच झालेला? तुम्ही "वयामुळे" असं लिहिलंय, पण ९ वर्षं म्हणजे लॅब्रेडॉरसाठी फार नव्हे. द्राक्षाच्या गावात राहतो आपण. हंगामात घरोघरी पेट्या येतात, वर्षभर डब्यात बेदाणे असतात. द्राक्षं-बेदाण्यांनी काही कुत्र्यांची किडनी दोन-तीन दिवसांत बंद पडते (त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे), तर काहींना काहीच होत नाही. म्हणून "आमचा तर रोज खातो" म्हणणाऱ्या शेजाऱ्यावर जाऊ नका. घरातल्या मुलांना विचारा, न रागावता. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून होणारा लेप्टो, गोचिडांचा ताप, आपल्यासाठी आणलेली वेदनाशामक गोळी, यांनीही हेच होतं. अशा ताज्या आजारात शिरेतून नीट सलाईन आणि मूळ कारणावर औषध मिळालं तर किडनी बरीच सावरू शकते. आजार जुना असेल तर किडनी सोनोग्राफीत बहुधा लहान, खडबडीत दिसते आणि वजन आधीपासून उतरत आलेलं असतं. जुना रक्ताचा रिपोर्ट असेल तर तोही काढा.

५.८ वर येते. ५ च्या पुढे चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा धरतात, हे तुम्ही वाचलंच असेल. पण हा टप्पा ठरवायचा असतो अंगात पाणी नीट भरल्यावर, स्थिर झालेल्या कुत्र्यात. सुकलेल्या अवस्थेतला आकडा फुगलेला असतो. सलाईननंतरचा रिपोर्ट येईपर्यंत त्या ५.८ वरून रडू नका. तसंही साधारण तीन चतुर्थांश किडनी गेल्याशिवाय क्रिएटिनिन वर सरकत नाही, त्यामुळे आधी कळलं नाही याबद्दल स्वतःला बोल लावण्यात अर्थ नाही. क्रिएटिनिनसोबत फॉस्फरस, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब बघायला सांगा. रक्तदाब हमखास राहून जातो. कुत्रा अचानक भिंतीला धडकायला लागला तर त्याच दिवशी मोजून घ्या, वाढलेल्या दाबाने डोळ्याचा पडदा सुटतो.

रोज कॉलेज रोडच्या गर्दीतून सलाईनला नेणं त्यालाही नको होतं आणि तुम्हालाही. त्याची तब्येत स्थिर झाली की कातडीखालचं सलाईन घरी देता येतं. डॉक्टर शिकवतात, हात बसतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून मग खिडकीच्या गजाला अडकवायची, मानेमागची सैल कातडी उचलून सुई. तिथे टेंगूळ येतं, ते हळूहळू पायाकडे उतरतं आणि जिरतं, घाबरू नका. किती मिली आणि किती दिवसाआड ते वजन बघून डॉक्टरच ठरवतील. श्वास जोरात चालायला लागला तर थांबा आणि फोन करा. दर वेळी नवी सुई, आणि वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकू नका, डब्यात साठवून दवाखान्यात परत द्या.

घरात लघवी करतो म्हणून रात्री पाण्याचं भांडं उचलता असं लिहिलंय, ते आजपासून बंद. त्याची किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही. तो जितकं बाहेर टाकतो तितकं त्याला प्यावंच लागतं. झोपण्याआधी एक फेरी वाढवा, जुन्या चादरी काढा. थंडीत नाशिकची फरशी बर्फ होते, खाली गोधडी हवी. वजनासाठी कांदा-बटाटेवाल्याचा मोठा काटा चालतो, आठवड्यातून एकदा.

मुंबईला, परळच्या प्राण्यांच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं का? अशोकस्तंभाच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि तुमच्या डॉक्टरांकडे निदान पक्कं होत असेल तर सारखा कसारा घाट उतरण्यात मला शहाणपण वाटत नाही. आजार ताजा असेल, किंवा इथले डॉक्टरच जा म्हणत असतील, तर लगेच निघा. नाहीतर आधी रिपोर्ट पाठवून मत घ्या.

"किती दिवस ओढायचं" याचं उत्तर कुणी परक्याने देऊ नये, पण ते ठरवायचं कसं हे सांगू शकते. त्याला आवडणाऱ्या चार-पाच गोष्टी आजच लिहून काढा, घरातल्या सगळ्यांनी मिळून. गेटपर्यंत जाणं, बॉल, तुमच्या स्कूटरचा आवाज आला की उठणं, जे असेल ते. मळमळीचं औषध चालू असूनही तो खात नाही, लघवीला उठू शकत नाही आणि त्या यादीतलं काहीच उरलं नाही, तर सलाईन फक्त आपल्यासाठी चाललंय असं समजा. कायमच्या झोपेच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा: घरी येतात का, रविवारी येतात का, आणि नंतर पुरण्याची किंवा दहनाची सोय कुठे होते. चांगला दिवस बघून विचारा, ऐनवेळी हे प्रश्न तोंडातून निघत नाहीत.