एफ-३५, सुखोई-५७ आणि आपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पाचव्या पिढीची स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न सापडणारी, लढाऊ विमाने (अमेरिकेचे एफ-३५ किंवा रशियाचे सुखोई-५७) भारत बाहेरून घेईल का, या विषयावर बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ट्रम्प यांनी एफ-३५ देऊ असे जाहीर केले होते. मग करार कुठे अडला?

उत्तर : करार अडायला तो सुरू तरी व्हावा लागतो. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमधील पत्रकार परिषदेत ट्रम्प यांनी भारताला पुढेमागे एफ-३५ देण्याचा मार्ग मोकळा करत असल्याचे सांगितले, हे खरे. पण त्याच दिवशीच्या संयुक्त निवेदनातले शब्द जपून वापरलेले आहेत. पाचव्या पिढीची विमाने आणि पाण्याखालच्या यंत्रणा भारताला देण्याबाबतच्या आपल्या धोरणाचा अमेरिका आढावा घेईल, एवढेच त्यात आहे. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते की खरेदीची औपचारिक प्रक्रिया सुरू झालेली नाही. पुढे अमरावतीचे खासदार बळवंत वानखडे यांच्या प्रश्नाला १ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत उत्तर मिळाले, त्यातही या विषयावर औपचारिक चर्चा झालेली नसल्याचेच सांगितले गेले.

खरेदी खरोखर व्हायची तर आधी हवाई दल गरज मांडते आणि संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषद तिला मान्यता देते. सरकार-ते-सरकार व्यवहार असेल तर मग अमेरिकेला विनंतीपत्र जाते. तिकडून संख्या, किंमत आणि अटी लिहिलेले प्रस्तावपत्र येण्याआधी अमेरिकी काँग्रेसला कळवावे लागते. नाटो आणि जपान-ऑस्ट्रेलियासारख्या मोजक्या मित्रांसाठी ही मुदत १५ दिवसांची आहे, आपल्यासाठी ३० दिवसांची. शेवटी आपल्याकडे मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी. यातली पहिली पायरीही एफ-३५ साठी चढलेली नाही.

आपला वेगही ध्यानात घ्या. १२६ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली, जानेवारी २०१२ मध्ये राफेलची निवड झाली, ती खरेदी बारगळली, सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार झाला आणि पहिली पाच विमाने अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० रोजी.

प्रश्न : आपल्याकडे रशियाची एस-४०० ही विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा आहे म्हणून अमेरिका नाही म्हणेल, असे वाचले. विमान आणि क्षेपणास्त्र यंत्रणा या तर वेगवेगळ्या गोष्टी आहेत. यात अडचण ती काय?

उत्तर : अडचण रडारची आहे. एस-४०० चे रडार आणि एफ-३५ एकाच देशात वर्षानुवर्षे वावरले, तर हे विमान कोणत्या कोनातून, किती अंतरावर, कोणत्या लहरींवर दिसते याची नोंद आपोआप साठत जाते. ती नोंद रशियन तंत्रज्ञांपर्यंत पोचेल, ही अमेरिकेची धास्ती आहे. शांततेच्या काळात एफ-३५ वर मुद्दाम रडार-परावर्तक बसवतात, म्हणजे विमान मोठे दिसते आणि खरे रूप झाकलेले राहते. पण सराव असो वा युद्ध, कधीतरी ते काढावे लागतेच.

तुर्कस्तानचे उदाहरण समोर आहे. तो देश एफ-३५ च्या निर्मितीत भागीदार होता, विमानाचे शेकडो सुटे भाग बनवत होता, १०० विमाने घेणार होता. त्याची पहिली विमाने तयार होती आणि वैमानिक अमेरिकेत शिकत होते. जुलै २०१९ मध्ये एस-४०० चे भाग अंकाराजवळ उतरले आणि त्याच महिन्यात तुर्कस्तानला कार्यक्रमातून बाहेर काढले गेले. डिसेंबर २०२० मध्ये निर्बंधही आले.

भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये एस-४०० च्या पाच तुकड्यांचा ५.४३ अब्ज डॉलरचा करार केला. त्यावरून आपल्यावर निर्बंध आले नाहीत, हे मोलाचे आहे. पण निर्बंध न लावणे आणि एफ-३५ हातात देणे यांत फार अंतर आहे. संयुक्त अरब अमिरातींकडे तर एस-४०० नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये ५० विमानांचे ठरले होते, तरी अमेरिकी अटी आणि चिनी दूरसंचार यंत्रणेवरून ते त्याच वर्षाअखेर थांबले.

प्रश्न : स्टेल्थ विमान रडारला दिसतच नाही का?

उत्तर : दिसते, पण उशिरा. रडारला लक्ष्य किती अंतरावरून सापडेल हे त्या लक्ष्याच्या परावर्तन-क्षेत्राच्या (ते रडारच्या लहरी किती परत फेकते, त्या मापाच्या) चौथ्या मुळाच्या प्रमाणात असते. समजा, एखादे रडार ५ चौरस मीटर परावर्तनाचे विमान ४०० किलोमीटरवरून पकडते. परावर्तन दहा हजारपट कमी करून ०.०००५ चौरस मीटरवर आणले, तर तेच रडार त्याला ४० किलोमीटरवरून पकडेल. दहा हजारपट मेहनत घेऊन अंतर दहापट कमी होते. युद्धात मात्र तेवढ्याने निकाल फिरतो, कारण तोवर स्टेल्थ विमानाचे क्षेपणास्त्र सुटलेले असते.

परावर्तनातली ही बचत टिकवायची तर शस्त्रे पोटातल्या कप्प्यात ठेवावी लागतात. एफ-३५ए च्या कप्प्यात हवेतून हवेत मारा करणारी चार क्षेपणास्त्रे मावतात. पंखाखाली काही टांगले की ही बचत गेली. शिवाय विमानाचा आकार आणि लेप नेम धरणाऱ्या रडारांच्या आखूड लहरींसाठी बेतलेला असतो. लांब लहरींच्या टेहळणी रडारांना विमान आहे एवढे कळू शकते, नेम धरण्याइतके नेमके ठिकाण मात्र कळत नाही. इंजिनाची उष्णता टिपणारे संवेदक वेगळेच.

प्रश्न : समजा अमेरिकेने होकार दिला. आपल्या हवाई दलात हे विमान बसेल का? तिरुवनंतपुरमला अडकलेल्या ब्रिटिश विमानाचे काय झाले ते आपण पाहिलेच.

उत्तर : हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि चर्चेत सर्वांत कमी येतो.

पहिली अडचण इंधनभरणीची. हवाई दलाकडची सहा इल्युशिन-७८ टँकर विमाने मागे नळी आणि तिच्या टोकाला टोपली सोडतात, लढाऊ विमान आपली सोंड त्या टोपलीत घालते. सुखोई, राफेल, तेजस सगळे असेच इंधन घेतात. एफ-३५ए ला सोंड नाही. त्याच्या पाठीवर खाच आहे आणि तीत टँकरचा ताठ दांडा येऊन बसावा लागतो. म्हणजे आपले सध्याचे सहाही टँकर त्याला हवेत इंधन देऊ शकणार नाहीत. सोंड असलेले प्रकार आहेत ते एफ-३५बी आणि सी. बी प्रकारात उभे उतरण्यासाठी मधोमध मोठा पंखा बसवलेला असल्याने इंधनाची जागा कमी होते, आणि सी विमानवाहू नौकेसाठी आहे.

दुसरी शस्त्रांची. आपले ‘अस्त्र’ क्षेपणास्त्र एफ-३५ वर लावायचे तर विमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल हवा, आणि तो आपल्याला करता येत नाही. तो अमेरिकेच्या वेळापत्रकाने आणि अमेरिकेच्या संमतीने होतो. स्वतःच्या यंत्रणा बसवण्याची मोकळीक आजवर फक्त इस्रायलने मिळवली आहे. ‘ब्रह्मोस’ तर अडीच टनांचे, ते सुखोई-३० च्या पोटाखालीच शोभते.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत अवघड : शत्रूची रडारे ओळखण्याची सूची. कोणत्या लहरी कोणत्या यंत्रणेच्या, कोणती टाळायची, कोणती मारायची, हे विमान त्या सूचीवरून ठरवते. तिची प्रयोगशाळा फ्लोरिडातील एग्लिन हवाई तळावर आहे. या सूचीच्या जगात रशियन रडारे शत्रूची असतात. आपल्याकडे तीच मित्राची आहेत. तेव्हा सुखोई आणि एस-४०० यांची माहिती एका बाजूने अमेरिकेला द्यायची नाही आणि दुसऱ्या बाजूने एफ-३५ ला ती ओळखता यायला हवी, असा पेच उभा राहतो.

तिरुवनंतपुरमचे विमान ब्रिटिश नौकेवरचे एफ-३५बी होते. १४ जून २०२५ रोजी ते तिथे उतरले, हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला आणि २२ जुलैलाच उडाले. दुरुस्तीला ब्रिटनहून पथक आणावे लागले. तळापासून दूर कोणतेही आधुनिक विमान बिघडले तर वेळ लागतोच, त्यामुळे एवढ्यावरून विमानाला नावे ठेवू नयेत. पण देखभाल हा एफ-३५ चा कच्चा दुवा आहे हे अमेरिकी लेखापरीक्षकांनीच नोंदवले आहे. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या ताफ्यातली सुमारे ५५ टक्के विमानेच कोणत्याही एका वेळी मोहिमेला सज्ज होती. कारणे साधी आहेत : सुट्या भागांचा तुटवडा, दुरुस्ती केंद्रे वेळेत उभी न राहणे, आणि उत्पादक कंपनीवरचे अवलंबन. लेपाचीही काळजी घ्यावी लागते. आतला भाग बदलण्यासाठी लेप उघडला की कडा पुन्हा भरून सुकू द्याव्या लागतात, आणि दमट हवेत ते काम रेंगाळते.

प्रश्न : रशिया सुखोई-५७ भारतात बनवायला तयार आहे म्हणतात. ओझरचा कारखाना तर आहेच. मग ते का घेऊ नये? (नाशिकचे वाचक)

उत्तर : बसवणुकीच्या दृष्टीने हे विमान आपल्याला सोपे जाईल, यात शंका नाही. टँकर तेच चालतात. तंत्रज्ञ सुखोईवर तयार झालेले आहेत. ओझरला सुखोई-३० ची जोडणी होते, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ विमानांचा करार झाला, आणि त्यांची इंजिने ओडिशात कोरापुटला तयार होतात.

पण आपण या वाटेवरून एकदा परत आलो आहोत. याच विमानाच्या भारतीय आवृत्तीसाठी २००७ मध्ये करार झाला, डिसेंबर २०१० मध्ये प्राथमिक आराखड्यासाठी २९.५ कोटी डॉलरचा करार झाला, आणि २०१८ मध्ये भारत बाहेर पडला. हवाई दलाचे आक्षेप स्टेल्थपणा, इंजिन आणि तंत्रज्ञानातला आपला वाटा यांवर होते. यातल्या इंजिनाकडे आधी पाहा. सेवेतली विमाने जुन्या कुळातल्या इंजिनावर उडतात आणि नव्या इंजिनाची प्रतीक्षा लांबली आहे. रशियाने २०१९ मध्ये स्वतःसाठी ७६ विमाने मागवली, ती सावकाश हाती येत आहेत, आणि युक्रेन युद्धामुळे त्यांचे कारखाने आधी त्यांचीच गरज भागवतील. इलेक्ट्रॉनिक भागांवर पाश्चात्त्य निर्बंध आहेत ते वेगळेच. तरीही परदेशी स्टेल्थ विमान आले तर ते रशियाचे असण्याची शक्यता आम्हाला अमेरिकेपेक्षा जास्त वाटते.

प्रश्न : चीनकडे जे-२० ही स्टेल्थ विमाने आहेत, पाकिस्तानला चिनी जे-३५ मिळणार म्हणतात. आपले स्वदेशी स्टेल्थ विमान ‘अ‍ॅम्का’ येईपर्यंत दोन स्क्वाड्रन तरी घ्यायला काय हरकत आहे?

उत्तर : काळजी रास्त आहे. जे-२० २०१७ पासून सेवेत आहे. पाकिस्तानच्या सरकारने जून २०२५ मध्ये चीनने ४० जे-३५ देऊ केल्याचे सांगितले. आपल्या मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरल्या.

आता हिशेब करू. पोलंडने जानेवारी २०२० मध्ये ३२ एफ-३५ए साठी प्रशिक्षण आणि सुट्या भागांसह ४.६ अब्ज डॉलरचा करार केला, म्हणजे विमानामागे सुमारे १४.४ कोटी डॉलर. त्या दराने दोन स्क्वाड्रनची ३६ विमाने ५.२ अब्ज डॉलरना पडतील. डॉलर ८५ रुपये धरला तर ४४,००० कोटी, आणि शस्त्रे, टँकर, हँगर, सहा वर्षांची भाववाढ वरून. ‘अ‍ॅम्का’च्या पाच नमुना विमानांसह संपूर्ण विकासाला मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेली रक्कम सुमारे १५,००० कोटी आहे.

वेळेचाही फायदा दिसतो तितका नाही. पोलंडला पहिली विमाने २०२४ मध्ये मिळाली आणि तीही प्रशिक्षणासाठी अमेरिकेतच राहिली. आज करार झाला असे धरले तरी आपली पहिली लढाऊ तुकडी २०३० च्या पुढेच उभी राहील. ‘अ‍ॅम्का’चे पहिले उड्डाण २०२८-२९ च्या सुमारास आणि सेवेत प्रवेश २०३५ च्या आसपास अपेक्षित आहे. म्हणजे विकत घेऊन भरलेली फट फार तर चार-पाच वर्षांची.

‘अ‍ॅम्का’ही वेळेवर येईलच असे नाही, आणि तिथेही गाठ इंजिनाचीच आहे. तेजस मार्क-१ए साठी ९९ इंजिनांची मागणी ऑगस्ट २०२१ मध्ये गेली, पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. दरम्यान विमानांचे सांगाडे वाट पाहत उभे राहिले. फ्रान्सच्या सॅफ्रानसोबत नवे, अधिक ताकदीचे इंजिन करण्याचे ठरते आहे. पैसा आणि माणसे तिथे आधी लागावीत, असे आम्हाला ठामपणे वाटते.

प्रश्न : रोज नवी बातमी येते. खरी कोणती समजायची?

उत्तर : नेत्यांची भाषणे आणि विमान प्रदर्शनातली छायाचित्रे सोडून द्या. फेब्रुवारी २०२५ च्या बेंगळुरूच्या प्रदर्शनात एफ-३५ आणि सुखोई-५७ दोन्ही आली होती, त्यातून काही निष्पन्न झाले नाही. संरक्षण खरेदी परिषदेच्या बैठकीनंतर पत्र सूचना कार्यालयाचे निवेदन येते, त्यात स्टेल्थ विमानाच्या गरजेला मान्यता दिसली तर पहिली पायरी चढली समजा. एफ-३५ साठी त्याबरोबर अमेरिकी काँग्रेसला दिलेली सूचना पाहा, तीत संख्या आणि कमाल किंमत छापलेली असते. सुखोईसाठी ओझरच्या उत्पादन साखळीवर कोणते काम मंजूर होते ते पाहा. तिथे ऑक्टोबर २०२५ पासून तेजसची जोडणीही सुरू आहे, त्यामुळे तिसरे लढाऊ विमान आणायचे तर जागा आणि माणसांची तरतूद आधी कागदावर यावी लागेल.