वाचक विचारतात : कोपरारक्षक पारखताना

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संघातला डावा कोपरारक्षक (बचावफळीत डाव्या टोकाला उभा राहणारा गडी) जिल्ह्यातल्या स्पर्धांत सामन्याला पाच-सहा पकडी सहज करतो. 'हा प्रो कबड्डीत खेळणार' असं सगळेच म्हणतात. हे नक्की काय बघून ठरवावं?
– एक क्रीडाशिक्षक, सातपूर

उत्तर : पकडी मोजायचं थांबवा आणि प्रयत्न मोजा. सहा पकडी चौदा प्रयत्नांत आल्या असतील, तर आठ वेळा समोरच्याला गुण मिळाला आणि तुमचा कोपरा बाहेर जाऊन बसला. तो बाहेर असताना चढाईपटूने मोकळ्या बाजूला जो धिंगाणा घातला, तो गुणफलकावर त्याच्या नावावर चढत नाही. तुमच्या वहीत चढला पाहिजे.

वहीत प्रत्येक प्रयत्नापुढे लिहा : चढाईचा कितवा सेकंद, आपले किती गडी मैदानात, चढाईपटू उजव्या हाताचा की डाव्या, पकड घोट्याला की मांडीला की कमरेला, आणि त्या क्षणी चढाईपटूचा पाय कुठल्या रेषेजवळ होता. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूला ओलांडावीच लागते ती) 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा 4.75 मीटरवर असते. पावणेसहा फुटी चढाईपटू घोटा अडकून आडवा पडला, की त्याच्या बोटांची टोकं घोट्यापासून साधारण सव्वादोन मीटर पुढे जातात. म्हणजे बोनस रेषेवर धरला तर त्याला अजून अडीच मीटर फरफटत जावं लागतं. निदान रेषेवर धरला तर जेमतेम दीड. जिल्ह्याचा चढाईपटू तेवढ्यातही दमतो, राज्य पातळीवरचा एका झटक्यात मध्यरेषेला हात लावतो. परतणाऱ्या चढाईपटूच्या मागे धावून पकडी करणारा कोपरारक्षक वरच्या पातळीवर फसतो तो इथे.

गड्यांची संख्याही वेगळी काढा. बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा गुण, मिळतो तो समोर सहा किंवा सात जण असतानाच. त्यामुळे चढाईपटू पाय आत टाकतो तोही तेव्हाच, आणि घोटा हाती लागण्याची खरी संधीही तेव्हाच असते. पाच किंवा कमी उरले की त्याला एवढं आत यायचं कारणच नसतं. अशा वेळी तुमचा खेळाडू मध्यरक्षकाला (कोपऱ्याच्या आतल्या बाजूच्या गड्याला) कोंडी करायला मदत करतो, की सवयीने झेपावून गुण वाटतो? तीन किंवा कमी असतानाच्या अव्वल पकडीला एक गुण जादा मिळतो, म्हणून तिथला धोका समजण्यासारखा आहे. पण सात जण मैदानात असताना, समोरच्याच्या पहिल्याच चढाईत, आठव्या सेकंदाला उडी? ती निव्वळ घाई. चढाईपटूला तिथे रिकाम्या हाताने परतायची मुभा असते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत नसते. थांबायचं कुठे हे कळणारा मुलगा मला जास्त पकडी करणाऱ्यापेक्षा केव्हाही पसंत.

आता पकड जवळून बघा. एक पंजा टाचेच्या वर, दुसरा पावलाच्या सांध्यावर, आणि धरताक्षणी पाय छातीशी ओढलेला. डोकं चढाईपटूच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला, नाहीतर मोकळ्या पायाची टाच तोंडावर बसते. बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. बोटं बुटावर पडतात आणि निसटतात, किंवा हात लांब ताणलेले राहतात आणि चढाईपटू त्याला सोबत घेऊनच मध्यरेषेकडे जातो. पकड घट्ट होती पण शेजारचा गडी उशिरा आला, असं दिसलं तर ते अपयश त्याच्या खात्यात घालू नका. बाजूला टीप करा.

राज्य स्पर्धेतल्या चढाईपटूंसमोर निम्म्याच्या आसपास प्रयत्न यशस्वी होत असतील, तर पुढची तयारी जरूर करा. फक्त गावच्या स्पर्धांचे आकडे हाती असतील तर अजून थांबा.

प्रश्न : माझी उंची पाच फूट सात इंच, वजन 74 किलो. कोपरा सोडून मध्यरक्षक व्हावं का?
– महाविद्यालयीन खेळाडू, सिन्नर

उत्तर : उंचीसाठी नको. घोटा खालीच असतो. मध्यरक्षकाला धडक आणि ब्लॉक लागतो, तिथे खांद्याची ताकद आणि वजन कामाला येतं. तुमच्या पकडी घोट्यापेक्षा मांडीला आणि कमरेला जास्त होत असतील, तर मात्र बदल करून बघा.

प्रश्न : मुलगा मातीवर उत्तम खेळतो, मॅटवर पकडी सुटतात. असं का?
– पालक, ओझर

उत्तर : मातीवर झेप घेतल्यावर अंग पुढे घसरतं, मॅटवर ते पडतं तिथेच राहतं. मातीवर घसरून मिळणारं वीतभर अंतर मॅटवर मिळत नाही आणि हात नेमका तेवढाच कमी पडतो. त्याला अर्धं पाऊल जवळून झेपावायला लावा. शिवाय मॅटवर बूट घट्ट पकड घेतो, त्यामुळे चढाईपटू झटक्यात थांबून वळतो. निवड चाचणीआधी निदान तीन आठवडे मॅटवर बूट घालूनच सराव हवा. पहिल्या आठवड्यात कोपर-गुडघे सोलले जातात. पॅड वापरायला सांगा.

प्रश्न : बचावपटूला लिलावात पैसे मिळतात का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : मिळतात. प्रो कबड्डीच्या 2023च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. तो डावा कोपरारक्षकच. (गरज पडली तर चढाईही करतो, हा भाग वेगळा.) नवख्याने मात्र आधी जिल्हा निवड चाचणी, मग कुमार गट राज्य अजिंक्यपद आणि विद्यापीठ संघ, हाच रस्ता धरावा. निवडकर्ते मुलं बघतात ती तिथेच.

प्रश्न : प्रशिक्षकांना पाठवायला चित्रफीत कशी करावी?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मोबाइल आडवा धरून अंतिम रेषेच्या मागे, तिरपा आणि डोक्याच्या वर बसवा. बाजूने घेतलं तर चढाईपटूच्या आड कोपरा दिसतच नाही. दोन्ही बाजूंच्या लॉबी (मैदानाच्या कडेचे पट्टे) चौकटीत हव्यात. निवडक पकडींचं दोन मिनिटांचं तुकडं पाठवायचं तर पाठवा, पण त्यासोबत एक अख्खा सामना विनाकाटछाट द्या. जाणकार आधी तोच उघडतात. जर्सी ओढून केलेली पकड त्या तुकड्यात अजिबात घालू नका. गावच्या पंचांच्या नजरेतून ती सुटते, रिव्ह्यूत सुटत नाही.