शुक्रवारी काम संपवू नकोस

प्रिय पोरी,

परवा तुझा मेसेज आला, "काकू, कमिटीनं बागेचा पानगळीचा कार्यक्रम माझ्या गळ्यात घातलाय. काय काय करायचं त्याची यादी पाठवा ना." यादी पाठवली असती तर पाच मिनिटांत सुटले असते. पण न्यू जर्सीतल्या या सामुदायिक बागेत मी अठरा वर्षं हात काळे केलेत, आणि यादीत न मावणारं बरंच साठलंय. फोनवर तू "हो काकू, हो काकू" म्हणत भांडी घासत असतेस, म्हणून लिहूनच पाठवते.

आधी माझी फजिती ऐक. बागेची जबाबदारी माझ्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी साफसफाईचा दिवस ठरवला, चिठ्ठ्या लावल्या, सगळ्यांना कळवलं. मग मला वाटलं, लोक येतील, गोंधळ होईल, कुणाला काय उपटायचं कळणार नाही. शुक्रवारी रजा टाकली, काकांना ओढत नेलं, आणि दोघांनी अंधार पडेपर्यंत टोमॅटोचे वेल उपटले, काठ्या बांधून शेडमध्ये ठेवल्या, वाफ्यांमधल्या वाटा झाडल्या. शनिवारी नऊ वाजता चौदा माणसं हातमोजे घालून हजर. करायला काही नव्हतं! त्यांनी कॉफी प्यायली, "वा, किती छान केलंत" म्हणाले आणि पावणेदहाला घरी गेले. वसंतात त्या चौदांतले चार आले. मी दोन वर्षं लोकांनाच नावं ठेवत राहिले, यांना कळकळ नाही म्हणून. खरं तर त्यांच्या हातातलं काम मीच काढून घेतलं होतं.

संगमनेरकडच्या आमच्या गावी वडील इर्जिक घालायचे. तू शहरात वाढलीस, तुला शब्द माहीत नसेल. पेरणीआधी ज्याचं शेत मागे पडलंय त्याच्याकडे भावकी आणि शेजारी आपापली बैलं, औतं घेऊन एक दिवस जायचे. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. पुढच्या खेपेला आपण त्यांच्याकडे. पण माणसं येणार म्हणून वडिलांनी आदल्या दिवशीच नांगरून ठेवलंय, असं कधी घडलं नाही. शेत तसंच असायचं, तयारी असायची ती चुलीची. एवढं बघत वाढले आणि अमेरिकेत येऊन ते विसरले.

तेव्हा तू कामं मोज, वाफे मोजू नकोस. प्रत्येक काम अर्ध्या तासाचं असावं, आणि ते संपलं हे करणाऱ्याच्या डोळ्यांना दिसावं. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी खुर्चीत बसून वालाच्या वाळक्या शेंगा सोलणं. दांडग्या पोरांसाठी कंपोस्टचा ढीग उलटापालटा करणं. पाच वर्षांच्या मुलासाठी झेंडूची सुकलेली फुलं कुस्करून बी काढणं, पाकिटावर त्याचंच नाव. बेंचला रंग कोण देणार ते अजिबात ठरवू नकोस. कुणीतरी येऊन विचारेल, "हा बेंच रंगवू का?" आणि तो माणूस तुला पुढची पाच वर्षं पुरेल.

आता थंडीचं बघू. आपल्या भागात पहिलं दहिवर ऑक्टोबरच्या मध्यापासून कधीही गोठतं. फोनवर ३६ अंश फॅरेनहाइट दिसलं म्हणजे पाणी गोठतं त्या ३२ च्या वरच आहे, घाबरायचं कारण नाही, असं समजू नकोस. हवामानवाल्यांचा आकडा जमिनीपासून चार-पाच फुटांवरचा असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत त्याहून गार होतं आणि सकाळी दुधी, कारली, भेंडी सगळी उकडल्यासारखी काळी पडलेली दिसतात. त्या रात्री झेंडूवर जुन्या चादरी टाक. २०२३ साली अधिक श्रावणामुळे दसरा २४ ऑक्टोबरला आला, आणि आम्ही तीन रात्री झेंडू बाळंतिणीसारखा पांघरुणात ठेवला होता. मेथी, पालक, मुळा यांची काळजी करू नकोस, त्यांना गारठा मानवतो. केल (ती कोबीच्या कुळातली पालेभाजी) तर दहिवर खाल्ल्यावर गोड होतो, कारण थंडीत तग धरायला ते झाड पानांत साखर वाढवतं. ज्यांना केल कडू लागतो त्यांना नोव्हेंबरात खायला घाल.

साफसफाईवरून दरवर्षी भांडण होतं, यंदाही होईल. एक गट म्हणेल सगळं उपटून लख्ख करा, दुसरा म्हणेल पान न् पान राहू द्या, मधमाश्यांना हवं. माझा निवाडा असा: भाजीचे वाफे स्वच्छ करायचे, फुलांचे नाही. करपा आलेली टोमॅटोची झाडं आणि भुरी आलेले भोपळ्याचे वेल कंपोस्टमध्ये टाकायचे नाहीत, पिशवीत भरून कचऱ्यात. आपला ढीग एवढा तापत नाही की रोग मरावा. फुलझाडांच्या पोकळ काड्यांत मात्र रानमधमाश्या हिवाळा काढतात आणि कोनफ्लॉवरच्या वाळक्या बोंडांवर गोल्डफिंच पक्षी येऊन बसतात. त्या काड्या एप्रिलपर्यंत उभ्या राहू देत. तिथे "हे काम आहे, आळस नाही" अशी पाटी लावायची माझी फार इच्छा होती, कमिटीनं ती हाणून पाडली.

पाचोळा हे तर फुकटचं सोनं. १९८०च्या दशकात न्यू जर्सीनं पानं कचरा डेपोत पुरायला बंदी केली, तेव्हापासून टाउनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ती वेगळी गोळा करावी लागतात. लोक रस्त्याकडेला ढीग लावतात, आपण शेजाऱ्यांकडून मागून आणतो. नुसती ओकची पानं टाकलीस तर चिकटून थर बसतो आणि पाणी वरूनच वाहून जातं. गवत कापायचं यंत्र त्यांच्यावरून फिरव, तुकडे कर. मग अंदाजे तीन भाग पानं आणि एक भाग हिरवं, म्हणजे भाजीची देठं, कॉफीचा चोथा. हिरवं जास्त झालं की ढीग घाण मारतो, पानं जास्त झाली की नुसता पडून राहतो.

रिकाम्या वाफ्यांत राय पेर, म्हणजे ते गव्हासारखं धान्य. आपल्याकडे ताग-धैंचा पेरून गाडतात ना, तसंच हे हिरवळीचं खत. हिवाळाभर माती धरून ठेवतं, वसंतात गुडघ्याएवढं व्हायच्या आत कापायचं आणि दोन-तीन आठवडे थांबून मग भाजी लावायची. इथे एक गंमत. पहिल्या वर्षी मी एका गुजराती बेनना म्हटलं, "रायचं बी आणाल का?" त्या किलोभर मोहरी घेऊन आल्या! त्यांच्या भाषेत राई म्हणजे मोहरीच. मी म्हटलं पेरा. ती तरारून आली, जानेवारीच्या थंडीत मेली आणि मातीत गेली. नुकसान काहीच झालं नाही, उलट अजून त्या दरवर्षी एक वाफा मोहरीचा करतात.

मातीचा नमुनाही याच दिवसांत रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठव. दहा-बारा ठिकाणची सहा-आठ इंच खोलीची माती एकत्र कालवून त्यातली थोडी. सामू (पीएच) कमी निघाला तर चुना आत्ताच टाकायचा, त्याला मुरायला महिने लागतात. एप्रिलमध्ये टाकलेला चुना त्या वर्षीच्या भाजीच्या फारसा कामी येत नाही.

आता तुझ्या खऱ्या काळजीकडे येते. शाळेची मुलं येणार म्हणून तुला धडकी भरलीय. "माझं इंग्रजी, माझे उच्चार" असं दोनदा लिहिलंयस. अगं, मुलांना तुझं इंग्रजी ऐकायचंच नसतं. त्यांना खणायचं असतं. दहा मिनिटांपेक्षा जास्त बोललीस तर ती एकमेकांच्या टोपीत माती टाकायला लागतील, आणि ते बरोबरच आहे.

मुलांना लसूण लावायला दे. पानगळीत शिकवण्यासाठी याच्यासारखं पीक नाही. बी मोठं, हातात मावतं, वास येतो, चूक झाली तर दिसते. कडक देठाच्या जातीचा बियाण्याचा लसूण घे. दुकानातला नको, तो इथल्या थंडीसाठी नसतो आणि कधीकधी कोंब येऊ नयेत म्हणून त्याच्यावर काही केलेलं असतं. एकेका मुलाला एकेक गड्डा. पाकळ्या सुट्या करायच्या, साल तशीच ठेवायची, टोक वर, बूड खाली, दोन इंच खोल, दोन पाकळ्यांत सहा इंच. सहा इंच मोजायला पट्टी देऊ नकोस, प्रत्येकाला आपल्या वितीशी ताडून बघू दे. वर चार-सहा इंच कुटलेल्या पानांचं पांघरूण. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हे उरकायचं.

मग एखादा विचारेल, मिळणार कधी? खरं सांग: जुलैत. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला लसूण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, इथे तोच महिना धरून लावायचा आणि जुलैपर्यंत वाट बघायची. या जातीला गारठा लागतोच. नाही मिळाला तर पाकळ्या सुट्या होत नाहीत, एकच गोळा राहतो. पण जुलैत शाळेला सुट्टी असते, म्हणून मी पहिल्या वर्षी हिरमुसले होते, की लावणार एक आणि खाणार दुसरे. त्यावर उपाय लसणानंच दिला. जूनमध्ये मधोमध एक हिरवा देठ वर येतो आणि डुकराच्या शेपटीसारखा वळतो. तो मोडला तर खालचा गड्डा पोसतो. शाळा संपायच्या आठवड्यात मुलांना बोलवायचं, ते देठ मोडायला लावायचे आणि एकेक जुडी घरी द्यायची. मी त्याबरोबर शेंगदाण्याच्या चटणीची कृती देते. एका पोलिश आजोबांनी ती चटणी सॉसेजबरोबर खाल्ली आणि अजून मागतात.

दुसरं काम मुलांचं आवडतं, लँटर्नफ्लायची अंडी खरवडणं. हा झाडांचा रस शोषणारा, मूळचा चीनकडचा किडा २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडला आणि २०१८ मध्ये न्यू जर्सीत पोचला. सप्टेंबरपासून तो झाडांच्या बुंध्यांवर, काठ्यांवर, बेंचखाली, अगदी गाडीच्या चाकाशीसुद्धा अंडी घालतो. वाळलेल्या चिखलाचा लेप वाटावा असं दिसतं, पण एकेका लेपात तीस ते पन्नास अंडी असतात. जुन्या प्लास्टिक कार्डानं खरवडून हँड सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत पाडायची. नुसती जमिनीवर पाडून भागत नाही.

एखाद्या पालकानं असं काही विचारलं जे तुला येत नाही, तर "बघून सांगते" म्हण. मास्टर गार्डनर नावाचा जो स्वयंसेवकांचा उपक्रम आज जवळजवळ प्रत्येक राज्यात आहे, तो अशाच प्रश्नांच्या ओझ्यातून निघाला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात सिएटल-टॅकोमा भागातल्या विद्यापीठाच्या कृषी विस्तार अधिकाऱ्यांना बागवाल्यांच्या फोनना उत्तरं देता देता पुरे झालं. म्हणून त्यांनी लोकांनाच शिकवलं, आणि बदल्यात त्यांच्याकडून इतरांना शिकवण्याचे तास घेतले. पुढच्या वर्षी तू रटगर्सचा तो कोर्स कर. नुसतं ज्ञान मिळतं म्हणून सांगत नाही, हे मला ठाऊक नाही असं बिनदिक्कत म्हणायची सवय लागते.

उरलेली भाजी गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड पँट्रीत पोचव. कुणीतरी म्हणेलच, "कुणाचं पोट बिघडलं तर आपल्यावर येईल." त्याला सांग, चांगल्या हेतूनं दिलेल्या अन्नासाठी देणाऱ्याला संरक्षण देणारा केंद्राचा कायदा १९९६ पासून आहे. हिरवे टोमॅटोही चालतात, पण आधी पँट्रीला विचार, त्यांच्याकडे ठेवायला जागा असते की नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातील आणि पाचच्या सुमाराला अंधारायला लागेल. तेव्हा संध्याकाळचे वर्ग ऑक्टोबरातच संपव. पाइपांतलं पाणी काढून गुंडाळी कर, नळ बंद कर. एका वर्षी ते राहिलं आणि मार्चमध्ये तडकलेल्या नळातून कारंजं उडालं.

शनिवारी नऊला भेटू. कॉफी मी आणते, कांदेपोहेही. दंताळी आणि ढकलगाडी शेडमध्ये आहेत, किल्ली तुझ्याकडे. आणि शुक्रवारी बागेकडे फिरकू नकोस. मी तिथे दिसले तर मलाही घरी पाठव.

तुझी,
काकू

ता. क. कोपऱ्यातल्या जाळीवर एक दुधी मुद्दाम बियाण्यासाठी ठेवलाय, त्याला लाल दोरी बांधलीय. उत्साहाच्या भरात कुणी तो भाजीला नेऊ नये, एवढं बघ. दहिवराच्या आधी काढून घरात टांगायचाय.