इंग्रजीत प्रवासासाठी ट्रिप, जर्नी, टूर, ट्रॅव्हल यांपैकी कोणता शब्द कधी वापरायचा?

जाऊन परत येणं धरलं की 'ट्रिप'. सकाळी नाशिकहून त्र्यंबकेश्वर, संध्याकाळी घरी, ती ट्रिप. 'जर्नी' म्हणजे पोचेपर्यंतचा प्रवास. कसाऱ्याचा घाट, गाडीतली गर्दी सगळं त्यात आलं. म्हणून दारात आलेल्या पाहुण्याला 'हाउ वॉज युअर जर्नी?' विचारा, फिरून आलेल्याला 'हाउ वॉज युअर ट्रिप?'. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला नोकरीला जाणाऱ्या पासधारकांचं येणं-जाणं मात्र 'कम्यूट'. त्र्यंबक, वणी, शिर्डी असं ठरवून फिरलात तर 'टूर'.

खरा घोटाळा 'ट्रॅव्हल'चा. 'आय हॅड अ लाँग ट्रॅव्हल' सर्रास ऐकू येतं, पण ते चूक. तिथे 'जर्नी'च हवं. क्रियापद म्हणून बिनधास्त वापरा: 'आय ट्रॅव्हल टू मुंबई बाय ट्रेन.'