तोंड वाकडं झालं तेव्हा किती वाजले होते?

प्रश्न : नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या हद्दीजवळ आमचा तांडा आहे. मालक तीन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. महात्मा फुले योजनेतून तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात करतो. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सांगितलंय, पण जीपचं भाडं झेपत नाही म्हणून दोनदाच नेतो. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर, मशीन चालू असतानाच त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात गळून पडला. मी दिराला फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, बीपी लो झालाय, घाबरू नका. चार तास पूर्ण करून घरी पाठवलं. रात्री बोलणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी नांदेडला नेलं, सिटी स्कॅन झालं, डॉक्टर म्हणाले गुठळी आहे पण उशीर झाला. सतरा महिने झाले, उजवी बाजू अजून गेलेलीच आहे. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुया टोचण्यासाठी जोडून दिलेली शीर. कागद मागितले तर दवाखाना म्हणतो, फुकटात उपचार घेतले, सहीही केली, केस होत नाही. दर वेळी इंजेक्शनचे हजार रुपये मात्र रोख घेतात. बँक म्हणते सही जुळत नाही, पैसे निघणार नाहीत. जवळ दुसरं मशीन नाही. तक्रार केली आणि यांनी मशीनच बंद केलं तर?

उत्तर : ताई, पत्रातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही. माणसाला एकच धड हात उरला आणि तोही फिस्टुलाचा. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर निजायचं नाही, बीपीचा पट्टासुद्धा बांधायचा नाही. आणि आता घास त्याच हाताने घ्यायचा.

केस होते. पण कशाची होते, ते आधी नीट समजून घ्या, कारण इथेच पुष्कळ चांगली प्रकरणं हातची जातात. 'डायलिसिस करताना लकवा मारला' एवढ्यावर दवाखाना दोषी ठरत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला लकव्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. रक्तदाब जुना, बहुधा साखरही, रक्तवाहिन्या कडक झालेल्या, त्यात मशीन पाणी काढतं तेव्हा बीपी झपकन खाली येतो. त्यांचे वकील पहिल्या तारखेला हेच मांडतील आणि ते खरंच आहे. तेव्हा लकवा का मारला, हे भांडण आपलं नाही. तोंड वाकडं आणि हात लुळा डोळ्यांसमोर दिसत असताना मशीन का थांबवलं नाही, डॉक्टरांना का बोलावलं नाही, 108 बोलावून नांदेडला का पाठवलं नाही, हे आपलं भांडण आहे. 1989 च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जीव वाचवण्यासाठी तातडीची मदत देणं सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे.

म्हणून तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत, पण वेळ लिहिली नाहीत, ती मला हवी आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सिटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. तुमच्याकडून नांदेड अडीच-तीन तास धरलं, तर तोंड वाकडं झाल्याबरोबर निघालेला पेशंट वेळेत पोचू शकत होता. घरी येऊन रात्र काढलेला पोचूच शकत नव्हता. यावर समोरचे म्हणतील, मशीनवर रक्त गोठू नये म्हणून हिपॅरिन दिलेलं होतं, अशा पेशंटला ते इंजेक्शन तसंही धोक्याचं. असेलही. पण ते ठरवायचं होतं स्कॅन बघून मेंदूच्या डॉक्टरांनी, मशीन चालवणाऱ्या मुलाने नाही. ती संधीच मिळाली नाही, ही आपली तक्रार.

ही वेळ डायलिसिसच्या चार्टवर सापडेल. मशीनला लावलं की त्या दिवसाचा एक कागद भरतात. आधीचं वजन, किती पाणी काढायचं, हिपॅरिन किती, आणि खाली दर अर्ध्या-एक तासाचा बीपी. बीपी खरोखर पडला होता का, ते त्या रकान्यात दिसेल. पडला नसेल तर 'बीपी लो झालाय' हे वाक्यच त्यांच्या अंगलट येईल. रकाने कोरे असतील तर तेही आपल्या कामाचं. हे कागद देणं ही त्यांची मेहेरबानी नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात, आणि ते जपून ठेवण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे. त्यातले सतरा महिने गेले. दिले नाहीत तर ग्राहक आयोग ते हजर करायला लावू शकतो.

दिराच्या मोबाईलमध्ये तो फोन अजून दिसत असेल तर आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा. शेजारच्या खाटेवर कोण होतं ते आठवा. डायलिसिसच्या पाळीत तीच माणसं त्याच वारी भेटतात, एकमेकांच्या घरचं सगळं ठाऊक असतं. त्यांनी पाहिलं असेल तर प्रतिज्ञापत्र करून घ्या, आणि जड मनाने सांगते, लवकर करून घ्या. त्यांच्याही तब्येतीचा भरवसा नसतो.

आता 'फुकट'चं. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की ज्या दवाखान्यात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत बघतात, तिथला मोफत पेशंटही ग्राहकच. शिवाय तुमच्याकडून दर वेळी हजार रुपये घेतलेच आहेत. योजनेत कॅशलेस उपचार असताना असे पैसे घेणं ही वेगळी तक्रार आहे. ती दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, लेखी द्या आणि 155388 वर नोंदवा. कधी फोनपेवरून दिले असतील तर ती नोंद सोन्यासारखी जपा. सहीचं म्हणाल तर ती डायलिसिसला आणि त्यातल्या धोक्यांना दिलेली संमती होती. निष्काळजीपणाला संमती देणारा कागद कायद्यात नाही.

आठवड्यातून दोनदाच नेत होतो, हे लपवू नका. ते विचारणारच. जीपचं भाडं, पावसाळ्यातला रस्ता, बुडणारी मजुरी, जसं आहे तसं सांगा. त्याने भरपाईच्या रकमेवर थोडा परिणाम होईल, पण त्या दिवसाची त्यांची जबाबदारी त्याने पुसली जात नाही.

ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे तुमच्याकडे सात महिने आहेत. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे नांदेडच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. सुनावणी व्हिडिओवरून घ्यावी असा अर्जही करता येतो. वकिलासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना आणि अपंगांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

पोलिसांत जावं असं मला वाटत नाही. जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) डॉक्टरवर गुन्हा चालवायला घोर निष्काळजीपणा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं स्वतंत्र मत लागतं. त्यात तुमचे हे सात महिने निघून जातील.

मशीन बंद करतील ही भीती मात्र खरी आहे, आणि सगळ्यात आधी तिची सोय करायची. दवाखान्याला केसची नोटीस जाण्यापूर्वी आरोग्यमित्राला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना अर्ज द्या, की योजनेतल्या दुसऱ्या केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात पर्यायी जागा मिळावी. पोच घ्या. जागा हातात आली की मग नोटीस. मधल्या काळात एकदाही नकार दिला तर तारीख-वेळ लिहून त्याच दिवशी कळवा. एकही पाळी चुकवू नका, रागानेसुद्धा नाही.

बँकेचं काम सोपं आहे. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, असे रिझर्व्ह बँकेचेच निर्देश आहेत. डावा अंगठा पुरे. बोलता येत नसलं तरी समजतं, मान हलवून सांगतात, असं असेल तर तुमच्या नावे मुखत्यारपत्रही होऊ शकेल. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेसाठी याच महिन्यात अर्ज टाका. पक्षाघात त्या योजनेत बसतो.

येत्या पाळीला जाताना कागदांच्या मागणीचा अर्ज दोन प्रतींत न्या. मालकांचं नाव, योजनेच्या कार्डाचा नंबर, ती तारीख, आणि खाली एवढंच लिहा : 'या दिवसाचा डायलिसिस चार्ट, त्याआधीच्या तीन महिन्यांचे चार्ट, संमतीपत्र आणि त्या वेळी हजर असलेल्या डॉक्टरांचं नाव 72 तासांत द्यावं.' एका प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का दिला नाही तर तिथे वाद घालू नका, बाहेर येऊन त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती पासबुकात ठेवा.